जुन्या टर्बो गाडीचा पिकअप गेला, तर दोष शोधायचा कसा

गाडी एका झटक्यात चालू होते, आयडलला शांत असते, गर्दीतून सावकाश जाताना काही जाणवत नाही. पण चढ आला किंवा पुढच्या गाडीला ओलांडायची वेळ आली, की ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही ती उचल घेत नाही. टर्बो गाडीत हे झालं की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो, ‘टर्बो गेला’. बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो आणि फार महागात पडतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, हा लांबलचक साखळीतला एक दुवा आहे. त्याच्या आधी एअर फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर असतो, नंतर होज, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी). त्याला हुकूम देणारे व्हॅक्युम पाइप, सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि ॲक्च्युएटर (टर्बोचा लिव्हर हलवणारा भाग) वेगळेच, आणि ज्या एक्झॉस्टवर तो फिरतो त्याची वाट पुढे मोकळी लागते. यातला कुठलाही दुवा कच्चा पडला तरी ड्रायव्हरला जाणवतं ते एकच, पिकअप नाही. होज चिरलेला असताना नवा टर्बो बसवला तर तक्रार जशीच्या तशी राहते. ऑइलचा पुरवठा अपुरा होता म्हणून जुना टर्बो गेला असेल, तर नवाही त्याच वाटेने जातो.

म्हणून पाने हातात घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची. ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागितला का? मागितला तेवढा मिळाला का? मिळाला असूनही गाडी ओढत नाही का? प्रत्येक उत्तर गाडीच्या वेगळ्या भागाकडे नेतं आणि उरलेल्या भागांना हात लावायची गरज राहत नाही.

तक्रार कधी आणि कशी येते

कमी आरपीएमला, म्हणजे साधारण २००० च्या खाली, गाडी मेल्यासारखी वाटते आणि वर गेल्यावर जोर येतो, असं असेल तर डिझेलमध्ये टर्बोच्या आतली व्हेन (एक्झॉस्टची वाट अरुंद-रुंद करणारी हलती पाती) उघडी अडकणं, ॲक्च्युएटरला व्हॅक्युम न पोहोचणं किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहणं यांवर संशय घ्यावा. उलट, सुरुवातीला ठीक चालून ३००० च्या पुढे गुदमरत असेल, तर एक्झॉस्ट तुंबणं, इंधन अपुरं पडणं किंवा लिंप मोड.

लिंप मोडची खूण अशी, की चालत्या गाडीचा जोर एकदम जातो, थांबून चावी बंद करून पुन्हा चालू केली की परत येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जातो. ईसीयूला बूस्ट मागणीपेक्षा बराच जास्त किंवा बराच कमी दिसला, की इंजिन वाचवण्यासाठी तो ताकद छाटतो. जोर काही महिन्यांत हळूहळू कमी होत गेला असेल, तर फिल्टर, काजळी, डीपीएफ (डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर), इंजेक्टर अशा साचत किंवा झिजत जाणाऱ्या गोष्टींकडे वळावं.

धूर खूप काही सांगतो. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. इथे एक गफलत हमखास होते: ज्या डिझेल गाडीला डीपीएफ आहे तिच्यात काळा धूर बाहेर दिसतच नाही, कारण काजळी फिल्टर अडवतो. अशा गाडीत धूर नाही म्हणून हवेची गळती नाही, असं समजू नये. तिथली खूण म्हणजे डीपीएफचं रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळून टाकणं, पूर्वीपेक्षा लवकर लवकर होऊ लागणं.

आवाजही ऐका. लोड दिल्यावरच येणारा ‘फुस्स’ किंवा ‘सूं’ आवाज म्हणजे होजमधून निसटणारी हवा. ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा चढत जाणारा आवाज टर्बोचं पातं घासत असल्याचा किंवा बेअरिंग झिजल्याचा असू शकतो. तो आला तर गाडी चालवत राहू नये. तुटलेल्या पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये आणि पुढे इंजिनात जाऊ शकतात.

टर्बोकडे जाण्याआधी पंधरा मिनिटं

काही कारणांचा टर्बोशी संबंध नसतो, पण ती पिकअप जाण्याचीच तक्रार घेऊन येतात. ती आधी निकालात काढा.

पेडलखाली मॅट सरकली आहे का बघा. स्कॅनरवर ॲक्सिलरेटर पेडलची टक्केवारी लावा आणि इंजिन बंद, चावी चालू ठेवून पेडल सावकाश तळापर्यंत दाबा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. काही गाड्यांत पूर्ण दाबल्यावरही तो १०० दाखवत नाही, तेवढ्यावरून घाबरू नये. मध्येच उडी किंवा खड्डा दिसला तर पेडल सेन्सर दोषी. याच वेळी ब्रेक स्विचची स्थिती वाचा. हा स्विच अडकला तर ईसीयूला दोन्ही पेडल एकत्र दाबल्यासारखं वाटतं आणि कित्येक गाड्यांत तो लगेच जोर काढून घेतो. भाग क्षुल्लक आहे, पण त्यापायी लोकांनी टर्बो उतरवले आहेत.

क्लच घसरतो का तपासण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास पूर्ण पेडल द्या. सुई भरकन वर गेली आणि वेग तिच्या मागे रेंगाळला तर क्लच गेला आहे, इंजिन नाही. ब्रेक धरून राहतात का हे कळण्यासाठी ब्रेक कमीत कमी वापरत दहा मिनिटं गाडी चालवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन उष्णता ताडून बघा. एकच चाक भाजण्याइतकं तापलं असेल तर तिथलं कॅलिपर अडकलं आहे. टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघून घ्या. फिल्टरच्या डब्यात येणाऱ्या नळीचं तोंडही बघा, तिथे पानं, कागद, कधी उंदराचं घरटं निघतं.

इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतं ना? बहुतेक गाड्यांत ते ८५ ते ९५ अंश सेल्सिअस असतं. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन ७० च्या खालीच राहिलं, तर कित्येक डिझेल गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत आणि डीपीएफ भरत जातो.

मोजणी: सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

आता स्कॅनर. आधी सगळे कोड लिहून घ्या आणि मगच पुसा. कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे आरपीएम, लोड आणि तापमान, हीही नोंदवा. कोड पुसला की तो पुरावा जातो. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, पी ०१०१ हवेच्या मापात गडबड, पी ००८७ रेलचं (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर कमी, पी २४६३ डीपीएफमध्ये काजळी जास्त. कोड हा पत्ता असतो, निकाल नव्हे. पी ०२९९ आला म्हणून टर्बो बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, खरं बोलतो का हे तपासायची सोपी युक्ती आहे. इंजिन बंद, चावी चालू. या स्थितीत त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, १००० मीटर उंचीवर साधारण ९०. गाडीत वेगळा बॅरोमीटर सेन्सर असेल तर दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. तीन-चार किलोपास्कलहून जास्त फरक पडला तर आधी सेन्सर काढून त्याचं तोंड बघा. डिझेलमध्ये ते काजळी आणि ऑइलच्या चिखलाने बुजतं, आणि साफ केल्यावर कित्येकदा गाडीच सुधारते.

आकडे वाचताना दोन चुका टाळा. पहिली, मॅपचा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो. १५० किलोपास्कल दिसले म्हणजे दीड बार बूस्ट नव्हे. त्यातून वातावरणाचे १०० वजा केले की उरतो जेमतेम अर्धा बार. दुसरी, साध्या मोबाइल ॲपवर मॅपचं प्रमाणित मूल्य २५५ किलोपास्कलपाशी संपतं, कारण त्याला एकच बाइट दिलेला आहे. दीड बारहून जास्त बूस्ट करणाऱ्या डिझेलमध्ये आलेख २५५ ला सपाट झाला तर तो गाडीचा दोष नाही, ॲपची मर्यादा आहे. अशा गाडीला कंपनीची मूल्यं वाचणारा स्कॅनर लागतो. मागितलेला बूस्टही सहसा त्यावरच दिसतो.

मग लॉग घ्या, म्हणजे गाडी चालताना हे आकडे स्कॅनरवर नोंदवा. यासाठी सोबत दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही.

१. इंजिन पूर्ण तापवा. एसी बंद ठेवा.
२. मोजकी मूल्यं निवडा: आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, एमएएफ (हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा), पेडल. डिझेलमध्ये मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर. जास्त मूल्यं लावली की प्रत्येकाचं वाचन सावकाश होतं आणि दोषाचा क्षण निसटतो.
३. रिकाम्या, सरळ, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला स्थिर व्हा.
४. पेडल पूर्ण दाबा आणि डिझेल असेल तर ४००० पर्यंत, पेट्रोल असेल तर ५५०० च्या आसपास पोहोचेपर्यंत सोडू नका. वेगमर्यादा ओलांडली जाणार असेल तर दुसरा गिअर घ्या.
५. तेच आणखी दोनदा करा. तिन्ही लॉगमध्ये सारखं दिसेल तेच खरं धरा.

उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन ही चाचणी होत नाही. लोड नसला की एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याइतकी ताकदच नसते.

लॉग काय सांगतो

मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत सुरुवातीला थोडं अंतर असणारच, टर्बोला फिरायला वेळ लागतो. पण वेग घेतल्यानंतरही दोन सेकंदांहून जास्त काळ ०.२ बार किंवा त्याहून मोठी तूट राहिली तर दोष आहे. मग प्रश्न गळती, ॲक्च्युएटर, टर्बो किंवा एक्झॉस्टचा.

मागणीच कमी असेल तर टर्बो निर्दोष आहे. ईसीयू जाणूनबुजून आवरतोय. कारण पेडल, ब्रेक स्विच, तापमान, भरलेला डीपीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडून आलेली मर्यादा, नाहीतर एमएएफ सेन्सर. जुन्या डिझेलमध्ये एमएएफ हा फार मोठा संशयित असतो. त्याने हवा कमी सांगितली की धूर होऊ नये म्हणून ईसीयू इंधन कमी करतो. चेक लाइटही लागत नाही, गाडी फक्त मंद होते. एमएएफचा प्लग काढून गाडी चालवा. ती सुधारली तर संशय बळावतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. पेट्रोलसाठी ढोबळ ताळा असा: पूर्ण लोडला जितके ग्रॅम प्रतिसेकंद, त्याला ०.८ ने भागलं की साधारण हॉर्सपॉवर. १२० हॉर्सपॉवरच्या गाडीने सर्वोच्च ताकदीच्या आरपीएमला ९५ च्या आसपास दाखवायला हवेत. डिझेलला हे गणित लागू नाही, ती जास्त हवा घेते. सेन्सर साफ करायचा तर एमएएफसाठीचाच स्प्रे वापरा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. ऑइल लावायचा फिल्टर बसवला असेल तर तारेवर चिकटलेलं ऑइल त्यातूनच आलेलं असतं.

मागणी पूर्ण आणि बूस्टही पूर्ण, तरी गाडी मरगळलेली, असं असेल तर हवा पोहोचते आहे. कमतरता इंधनात, स्पार्कमध्ये, टायमिंगमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. त्याकडे शेवटी येऊ.

गळती शोधणं

बूस्ट कमी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. डोळ्यांनी बघून भागत नाही, कारण रबरी होजची चीर दाब नसताना मिटलेली असते आणि दाब आला की तोंड उघडते. ती बहुतेकदा होजच्या खालच्या बाजूला, ब्रॅकेटला घासतो तिथे किंवा क्लॅम्पच्या कडेला असते. हात फिरवून, वाकवून बघा. ऑइलने रबर मऊ होऊन फुगलं असेल तर चीर नसली तरी होज बदलाच. आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाची, वाफ तिथूनच जाते. पण जोडावर बाहेरून ओलं ऑइल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथूनच हवा जाते आहे.

खात्री करायची तर दाब देऊनच. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि तिथे मापाचं झाकण बसवा, ज्याला टायरचा व्हॉल्व्ह लावलेला असेल. क्रँककेसची वाफ नेणारा ब्रीदर पाइप त्याच नळीत येत असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलेल. ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवा. इंजिन गार आणि बंद असलं पाहिजे. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून आधी ०.३ बार द्या, मग सावकाश ०.७ ते १ बार. गाडीच्या स्वतःच्या कमाल बूस्टच्या पुढे जायचं नाही. झाकणासमोर तोंड नेऊ नका, ते निसटलं तर बंदुकीच्या गोळीसारखं येतं.

आता साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुडे बघा. इंटरकूलरच्या ॲल्युमिनियम जाळीला प्लॅस्टिकची टाकी जिथे दुमडून बसवलेली असते ती शिवण, झटपट जोडांमधल्या ओ-रिंग, मॅप सेन्सरची ओ-रिंग, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि पेट्रोल टर्बोत डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर दाब मोकळा करणारी झडप) हे नेहमीचे गुन्हेगार. डायव्हर्टरचा पडदा फाटला की आवाज बाहेर येत नाही, हवा टर्बोच्या तोंडाकडेच परत फिरते. म्हणून तो काढून हाताने तपासावा लागतो. ऑइलच्या झाकणातून किंचित हवा येणं चालतं, ती रिंगमधून जाते. एक्झॉस्टच्या टोकाशी जोराचा आवाज आला तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतील. क्रँक थोडा फिरवून पुन्हा ऐका. तरीही थांबला नाही तर ईजीआर बंद होत नाहीये.

गळती शोधायला पेट्रोल, इथर किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारू नका. टर्बोचं धूड तापलेलं असतं आणि पेट घ्यायला तेवढं पुरतं.

होज परत बसवताना पाइप आणि रबराची आतली बाजू ऑइलविरहित करा. तेलकट जोड पहिल्याच पूर्ण बूस्टला निसटतो आणि क्लॅम्पला दोष दिला जातो. स्क्रूचा क्लॅम्प जीव काढून आवळला तर तो होज कापतो.

एक्झॉस्टच्या बाजूची गळती लोक विसरतात. मॅनिफोल्डला तडा गेला किंवा टर्बोआधीचं गॅस्केट फुंकलं, की टर्बाइन फिरवणारी ताकदच वाया जाते. गार इंजिनला टिकटिक आवाज, तापल्यावर तो कमी, आणि जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा, ही त्याची ओळख.

व्हॅक्युम, सोलेनॉइड, ॲक्च्युएटर

व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हीजीटी (हलत्या व्हेनचा टर्बो असलेल्या) डिझेलमध्ये इथे वेळ द्या, फळ मिळतं. आयडलला व्हॅक्युम पंपाशी गेज लावा. समुद्रसपाटीला वातावरणापेक्षा ०.८ बारने किंवा त्याहून कमी दाब, म्हणजे पाऱ्याचे २४ इंच वा जास्त व्हॅक्युम हवा. उंचावर थोडा कमी भरेल. बहुतेक गाड्यांत ब्रेक बूस्टरही याच पंपावर असतो, म्हणून पिकअप गेला आणि ब्रेक पेडलही कडक झालं तर सरळ पंपाकडे किंवा मुख्य पाइपकडे जा.

पंप ठीक असेल तर गेज एकेक जोड पुढे सरकवत न्या: व्हॅक्युमच्या टाकीनंतर, सोलेनॉइडच्या आधी, नंतर. जिथे व्हॅक्युम गळतो तिथे दोष. बारीक रबरी नळ्या टोकांशी कडक होऊन चिरतात. लांबी पुरत असेल तर टोक सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवता येतं, पण जुन्या गाडीत पूर्ण नळ्या त्याच आतल्या मापाच्या नव्या घालणं शहाणपणाचं. सोलेनॉइडला छोटा हवेचा फिल्टर असतो, तो तुंबला की व्हॅक्युम सुटतच नाही आणि बूस्ट चढत जाऊन लिंप मोड येतो.

आता ॲक्च्युएटर. हाताने ओढायचा व्हॅक्युम पंप जोडा. साधारण ०.१ ते ०.२ बारला रॉड हलू लागला पाहिजे आणि ०.५ ते ०.६ पर्यंत पूर्ण ओढला गेला पाहिजे, तोही सलग, अडखळत नव्हे. पूर्ण ओढून एक मिनिट थांबा. व्हॅक्युम उतरला तर पडदा फाटला आहे. रॉड झटके घेत हलला तर पिन काढून त्याला टर्बोच्या लिव्हरपासून वेगळा करा. सुटा रॉड मोकळा हलतो आणि लिव्हर अडतो, याचा अर्थ आतली व्हेन काजळीने धरली आहे. सतत सावकाश आणि कमी अंतरं चाललेल्या गाडीत हे हमखास होतं. व्हेन उघडी अडकली तर खालचा जोर जातो. बंद अडकली तर खाली जोर चांगला आणि वर बूस्ट जास्त होऊन लिंप मोड. स्प्रेने साफ करण्याच्या उपायावर फार भिस्त ठेवू नये. लिव्हर नुसता जड असेल तर कदाचित काम होईल, अडला असेल तर टर्बो उतरवून, खोलून साफ करणंच खरं. लिव्हरच्या थांब्याचा स्क्रू फिरवायचा नाही. तो फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेला असतो आणि अंदाजाने परत जुळत नाही.

इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर स्कॅनरवरून १० ते ९० टक्क्यांपर्यंत हुकूम द्या आणि प्रतिसाद बघा. नवा बसवला तर कॅलिब्रेशन करावं लागतं.

पेट्रोलच्या वेस्टगेटमध्ये (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) गणित उलटं असतं: तिथे दाब वेस्टगेट उघडतो. म्हणून पडदा फाटला तर बूस्ट जास्त होतो, आणि झडप नीट बसत नसेल किंवा तिची पिन झिजून खडखडत असेल तर कमी. सर्व्हिसनंतर अचानक बूस्ट फक्त स्प्रिंगइतका, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास, मिळू लागला तर सोलेनॉइडच्या नळ्यांची अदलाबदल झाली का ते आधी बघा.

टर्बो स्वतः

इंजिन बंद आणि गार असताना इनलेट पाइप काढा. पात्यांच्या कडा शाबूत हव्यात. खाचा असतील तर काहीतरी आत गेलं आहे. शाफ्ट आत-बाहेर ढकलून बघा, हाताला हालचाल जवळपास जाणवू नये. वर-खाली थोडी हालचाल असतेच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. पातं एका बाजूला दाबून फिरवलं तरी घराला घासता कामा नये. चालत्या इंजिनाच्या उघड्या इनलेटजवळ हात नेऊ नका, शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो.

टर्बोतून ऑइल येतंय म्हणून सील दोषी, असं लगेच ठरवू नका. टर्बोचं ऑइल परत खाली गुरुत्वाकर्षणाने जातं. परतीचा पाइप तुंबला किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर पडतं. डिझेलच्या इंटरकूलरमध्ये ऑइलचं तळं साचलं असेल तर ते रिकामं केल्याशिवाय गाडी पळवू नका, इंजिन त्या ऑइलवरच बेफाम धावू शकतं.

एक्झॉस्ट तुंबला आहे का

पेट्रोलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे गेज लावा. आयडलला १० किलोपास्कलच्या खाली आणि २५०० आरपीएमला २० च्या खाली दाब असावा. डिझेलमध्ये डीपीएफचा फरकदाब स्कॅनरवर वाचा: इंजिन बंद असताना शून्य, आयडलला एक-दोन किलोपास्कलपर्यंत. बंद इंजिनाला शून्य नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या नळ्या तपासा. डीपीएफ भरलेला निघाला तर जबरदस्तीचं रीजनरेशन करण्याआधी काजळी एवढी का झाली ते शोधा. गळका होज किंवा उघडा ईजीआर तसाच ठेवला तर तो पुन्हा भरतो. रीजनरेशनमध्ये एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापतो, म्हणून गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

हवा पूर्ण, तरी जोर नाही

डिझेलमध्ये लोडखाली रेल प्रेशर मागणीपेक्षा सतत १०० बारने कमी राहिलं तर आधी फिल्टर बदला. मग फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे येतात का बघा. ते दिसले तर कुठेतरी हवा ओढली जाते. नंतर इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यांच्यातून परत जाणारं डिझेल, मोजा: प्रत्येकाला वेगळी बाटली, काही मिनिटं आयडल. एकाची बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर दाब टिकू देत नाहीये. हाय प्रेशर पाइपचा नट चालत्या इंजिनाला सैल करण्याची जुनी सवय इथे जिवावर बेतते. शेकडो बारचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

पेट्रोलमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट, बघा. आयडलला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि लोडला सामान्य, तर व्हॅक्युमची गळती. लोड वाढवल्यावर वाढत गेला तर पंप, फिल्टर किंवा एमएएफ. बूस्टखाली धक्के येत असतील तर प्लग काढा. टर्बो पेट्रोलला गॅप बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर लागतो. झिजून तो १ च्या पुढे गेला की दाबाखाली ठिणगी विझते आणि कॉइलवरही ताण येतो.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर टायमिंग चेन ताणली आहे का आणि कॉम्प्रेशन किती आहे ते मोजा. पेट्रोलमध्ये साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २२ ते ३२. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा.

टर्बो बदलावाच लागला तर

ऑइल फीड पाइप जुना ठेवू नका, त्याच्या आत जळालेल्या ऑइलचा कोळसा असतो. बँजो बोल्टमध्ये (त्या पाइपच्या टोकाचा पोकळ बोल्ट) जाळी असेल तर तीही बदला. परतीचा पाइप आरपार मोकळा करा, इंटरकूलर आणि सगळे होज धुवून वाळवा, पात्याचा एकही तुकडा आत राहू देऊ नका. ऑइल आणि फिल्टर नवे, ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन लावू नका, सुटलेला कण टर्बोची वाट बुजवतो. नव्या टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल भरा आणि शाफ्ट हाताने फिरवा. मग इंधन किंवा इग्निशन तोडून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा, त्यानंतर गाडी चालू करून रेस न देता काही मिनिटं आयडलला ठेवा.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमपासून पुन्हा लॉग घ्या. मागणी आणि बूस्ट यांच्या रेषा जिथे आधी फाकत होत्या, तिथे त्या आता जवळजवळ एकमेकींवर बसल्या पाहिजेत. हा लॉग तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा. पुढच्या वेळी शंका आली की तुलना करायला तोच लागेल.